क्रूझवर जाताय? आधी केबिन समजून घ्या

क्रूझची जाहिरात पाहिली की डोळ्यांसमोर येतो तो निळा समुद्र, तरणतलाव आणि संगीताची मैफल. पण रात्री पाठ टेकायची ती छोटीशी खोली कशी असते, तिच्यात चौघांचे भागते का आणि जहाजावरचा दिवस कसा जातो, हे जाहिरातीत नसते. ते आधी माहीत असेल, तर पैसेही वाचतात आणि सहलीचा आनंदही.

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, मुलांच्या परीक्षा संपल्यानंतरची सुट्टी किंवा आई-वडिलांची साठी, अशा निमित्ताने आता मराठी कुटुंबेही क्रूझचा विचार करू लागली आहेत. माथेरान, महाबळेश्वर, गोवा सगळे पाहून झालेले असते. काहीतरी वेगळे हवे असते. त्यात जहाज थेट मुंबईच्या बंदरातून सुटते, म्हणजे विमानाचा खर्च नाही. मग पैसे साठवून, रजा जुळवून बुकिंग केले जाते. प्रत्यक्ष जहाजावर गेल्यावर मात्र काही जणांचा विरस होतो. "एवढ्या पैशांत एवढीशी खोली?" हे वाक्य पहिल्याच दुपारी कानावर पडते. खरे तर खोली लहान असण्यात कोणाचीही फसवणूक नसते. जहाजावरची खोली अशीच असते. चूक होते ती ती निवडताना.

बोटीपासून क्रूझपर्यंत

मराठी माणसाला समुद्रप्रवास नवा नाही. कोकणातल्या घराघरांत अजूनही बोटीच्या आठवणी निघतात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणात आणि पुढे गोव्यापर्यंत जात. 'रोहिणी', 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावे जुन्या पिढीच्या तोंडी आहेत. त्या बोटींवरही केबिन होत्या, पण त्या मोजक्याच आणि पैसेवाल्यांसाठी. बाकीचे सगळे डेकवर. बोटीत पाय ठेवताच सतरंजी पसरून जागा अडवायची, घरून आणलेली शिदोरी सोडायची आणि गाठोड्यावर डोके ठेवून झोपायचे. मोठी बोट लागू शकत नाही अशा बंदरात बाहेर समुद्रातच थांबून होडीत उतरावे लागे. तो प्रवास हौसेचा नव्हता, गरजेचा होता. गणपतीला आणि शिमग्याला गावी पोहोचायचे तर दुसरा सोयीचा मार्ग नव्हता.

पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही. पुढे रस्ते सुधारले, एस.टी. गावोगावी पोहोचली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई-गोवा बोट थांबली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागल्यावर तर बोटीची गरजच उरली नाही.

त्यानंतर समुद्रप्रवास परत आला तो सहल म्हणून. २००५ मध्ये 'सुपरस्टार लिब्रा' हे परदेशी कंपनीचे जहाज मुंबईहून सफरी करू लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाची आठवण देणाऱ्या या जहाजावर खोल्यांबरोबरच एकावर एक बिछान्यांच्या सामायिक शयनगृहाचीही सोय होती. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात ही सेवा थांबली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी करू लागले. २०२५ मध्ये तर मुंबईत बॅलार्ड पियरला नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलही उभे राहिले.

'एम्प्रेस' हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधले गेले. लांबी सुमारे २१० मीटर, म्हणजे रेल्वेचे नऊ डबे एकामागे एक लावले तर होईल तेवढी. प्रवाशांसाठी अकरा मजले आणि सुमारे आठशे खोल्या. जागतिक मापाने हे मध्यम आकाराचे जहाज. एवढ्या जागेत दीड-दोन हजार माणसे राहायची, त्यांचे जेवण व्हायचे, खेळ आणि नाटके व्हायची, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी खोली किती मोठी असणार?

दहा बाय बाराची खोली

अशा जहाजांवर साधी खोली साधारण सव्वाशे ते दीडशे चौरस फुटांची असते. मुंबईच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आठवा, म्हणजे अंदाज येईल. फरक एवढाच की याच जागेत बाथरूमही असते. दोन पलंग (ते जोडून एक करता येतात), एक कपाट, आरशाचे छोटे टेबल, टी.व्ही. आणि तिजोरी. सामानाच्या रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवायच्या. तीन किंवा चार जणांची खोली असेल, तर वरचे दोन बिछाने भिंतीतून किंवा छतातून खाली उतरतात, रेल्वेच्या बर्थसारखे. रात्री खोली नीट करणारा कर्मचारी ते उघडून शिडी लावून देतो.

बाथरूम तर आणखी आटोपशीर. शॉवर घेताना कोपर भिंतीला लागते. दाराशी पाणी अडवणारा उंबरठा असतो. वयस्कर माणसे रात्री उठतात तेव्हा त्याला ठेच लागण्याची शक्यता असते, हे पहिल्याच दिवशी त्यांना दाखवून ठेवावे. शौचालय हवेच्या दाबावर चालते. त्यात टॉयलेट पेपरखेरीज काहीही टाकले तर ते तुंबते आणि शेजारच्या खोल्यांनाही त्रास होतो.

खोल्यांचे मुख्य प्रकार चार. पहिली आतली खोली. तिला खिडकीच नसते. दिवा मालवला की मिट्ट काळोख, दुपारचे बारा आहेत की रात्रीचे हे कळत नाही. ती सर्वांत स्वस्त. दुसरी समुद्र दिसणारी खोली, जिला गोल किंवा चौकोनी काचेची खिडकी असते. ही खिडकी उघडत नाही. तिसरी बाल्कनीची खोली आणि चौथा सूट. खोलीचा दर या क्रमाने चढत जातो. जुन्या जहाजांवर बाल्कनीच्या खोल्या कमी असतात, त्यामुळे त्या लवकर संपतात.

कोणासाठी कोणती?

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. कोणी म्हणते, "जातोच आहोत तर बाल्कनी घेऊ." कोणी म्हणते, "खोलीत कोण बसणार आहे, सर्वांत स्वस्त घ्या." दोन्ही मते आपापल्या जागी बरोबर आणि दोन्ही चुकीची. प्रश्न असा विचारायचा, की घरातले कोण दिवसातला किती वेळ खोलीत घालवणार आहे?

तरुण जोडपे किंवा कॉलेजातली मुले सकाळी नाश्त्याला बाहेर पडतात ती मध्यरात्रीच परततात. त्यांना खोली फक्त झोपायला हवी. आतली खोली त्यांना पुरेशी आहे. वाचलेले पैसे गोव्यात किंवा बेटावर फिरायला उपयोगी पडतील. दिवसा झोपायची सवय असणाऱ्यांना तर तिथला अंधार आवडतोच.

पण गुडघे दुखणाऱ्या आजीला डेकवरचा गोंगाट, जिने आणि बुफेची रांग फार वेळ सोसत नाही. ती दुपारी खोलीत येऊन पडणार. तान्ह्या बाळाची आई दर दोन-तीन तासांनी खोलीकडे वळणार. अशा माणसांसाठी सहल म्हणजे ती खोलीच. त्यांना खिडकी नसलेल्या खोलीत ठेवून बाकीच्यांनी समुद्र पाहायचा, हे बरे नव्हे. खर्चात कपात करायचीच असेल, तर ती धडधाकट माणसांच्या खोलीत करावी. घरातल्या थकलेल्या किंवा बांधल्या गेलेल्या माणसाच्या वाट्याला खिडकी यावी. नवरा-बायको, दोन मुले आणि आजी-आजोबा असा गोतावळा असेल, तर आजी-आजोबांना खिडकीची आणि उरलेल्यांना आतली खोली, अशी वाटणी पुष्कळदा सर्वांना सुखाची ठरते.

एका खोलीत चौघे राहिल्यास तिसऱ्या-चौथ्या माणसाचे भाडे कमी पडते, हे खरे. पण सकाळी चौघांना एकच बाथरूम आणि आरसाही एकच. मुले लहान असतील तर निभावून जाते. मुलगा आणि मुलगी दोघेही मोठे असतील, तर शेजारशेजारच्या दोन स्वस्त खोल्या एका महागड्या खोलीपेक्षा चांगल्या. बुकिंगच्या वेळी दोन्हींचा दर विचारून तुलना करावी.

बाल्कनी घेणार असाल तर बाजूही विचारा. मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाजाचे तोंड दक्षिणेला असते. म्हणजे उजव्या बाजूला पश्चिम आणि सूर्यास्त, डाव्या बाजूला किनारा आणि सूर्योदय. परतताना हे उलटे होते. आणि बाल्कनीच्या खोलीत लहान मूल असेल तर दार सतत बंद हवे. कठड्याजवळ खुर्ची किंवा स्टूल ठेवू नये, मुलाला तिथे क्षणभरही एकटे सोडू नये.

बोट लागू नये म्हणून

'गाडी लागते' तसे 'बोट लागते' हा शब्दप्रयोग आपल्याकडे उगाच आलेला नाही. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखासारखे स्थिरक असतात, त्यामुळे डोलणे पुष्कळ कमी होते. पण अजिबात थांबत नाही. जहाज समुद्रात झोपाळ्याच्या फळीसारखे वरखाली होते. फळीची टोके जास्त हलतात, मध्य कमी. म्हणून ज्यांना प्रवासात मळमळते, त्यांनी जहाजाच्या मध्यभागाची आणि खालच्या मजल्यावरची खोली मागावी. अगदी पुढची किंवा सर्वांत वरची खोली दिसायला भारी, पण पोटाला जड.

मळमळीची गोळी त्रास सुरू झाल्यावर फारसा गुण देत नाही. डॉक्टरांना विचारून ती आधीच घ्यावी लागते. मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये. आलेपाकाची वडी, लिंबू, हलका आहार हे घरगुती उपायही जवळ असावेत. मळमळ वाटू लागली तर खोलीत पडून न राहता डेकवर यावे आणि दूर क्षितिजाकडे नजर लावावी. पुस्तक किंवा मोबाइलमध्ये डोके घालू नये. अरबी समुद्र पावसाळ्यात खवळलेला असतो, त्यामुळे मुंबईच्या सफरींचा खरा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो.

आवाजाचाही विचार करावा. खोलीच्या वर किंवा खाली नाचगाण्याचे सभागृह किंवा स्वयंपाकघर असेल, तर रात्री झोप येत नाही. जहाजाचा मजल्यागणिक नकाशा कंपनीकडे मिळतो. आपल्या खोलीच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावरही खोल्याच आहेत ना, हे त्यावर बोट ठेवून पाहावे. 'खोली कंपनी देईल ती' अशा स्वस्त सवलतीत ही निवड आपल्या हाती राहत नाही.

जहाजावरचा दिवस

जहाज संध्याकाळी सुटणार असले तरी बोलावणे दुपारीच येते. विमानतळासारखी तपासणी होते. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतल्या जातात आणि खोलीच्या दाराशी कित्येक तासांनी येतात. म्हणून औषधे, चश्मा, बाळाचे दूध व कपडे आणि ओळखपत्रे हातातल्या पिशवीत ठेवावीत. आपल्याला मिळणारे कार्ड म्हणजे खोलीची किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट असे तिन्ही एकात असते. बाहेर पडताना आणि परतताना ते दाखवावे लागते. काही विकत घेतले तर त्याचीही नोंद याच कार्डावर होते.

यानंतरचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे सुरक्षा कवायत. अनेकांना हा कंटाळवाणा प्रकार वाटतो. पण १७ जुलै १९४७ ची 'रामदास' बोटीची दुर्घटना मराठी माणसाने विसरू नये. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबईला ही बातमी कळायलाच कित्येक तास लागले. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे अवाढव्य क्रूझ जहाज खडकावर आदळले. ३२ जणांचे प्राण गेले. त्या जहाजावर नव्याने चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. या घटनेनंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा. आपले जमण्याचे ठिकाण कोणते, तिकडे जाण्याचा जिना कुठे आणि मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे कुठे मिळतात, हे घरातल्या प्रत्येकाने एकदा प्रत्यक्ष चालून पाहावे. संकटात लिफ्ट वापरायची नसते.

मग खरी मजा सुरू होते. नाश्ता, दुपारचे जेवण, चहा आणि रात्रीचे जेवण बहुधा भाड्यातच असते. भारतीय प्रवाशांच्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणही मिळते. पण पथ्याचे काही हवे असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवावे. घरून शिजवलेले पदार्थ नेण्यास कंपन्या सहसा परवानगी देत नाहीत. म्हणून बेसनाचे लाडू भरण्याआधी नियम विचारून घ्यावा. दिवसभरात कोणते कार्यक्रम कुठे आहेत याचे पत्रक मिळते. जादूचे प्रयोग, नाच, संगीत, तरणतलाव, मुलांची खोली, सगळे चालू असते. तरणतलावात पोहण्याचे कपडेच चालतात, साडी किंवा सुती कपडे चालत नाहीत. लंगोट बांधलेल्या बाळांना त्यात उतरवत नाहीत.

गृहिणीसाठी या तीन दिवसांचे मोल वेगळेच. भांडी नाहीत, 'आज काय करू' नाही, अंथरुणे घालणे-काढणे नाही. पण पुष्कळदा असे होते की स्वयंपाक सुटतो आणि मुलांमागे धावणे मात्र तिच्याच वाट्याला राहते. निघण्यापूर्वीच नवरा-बायकोने पाळ्या ठरवाव्यात. सकाळी दोन तास मुले बाबांकडे, तेव्हा आई डेकवर एकटी बसेल. संध्याकाळी आजी-आजोबांबरोबर मुले, तेव्हा दोघे फेरफटका मारतील. हे ठरले नाही तर घरचेच घर समुद्रावर जाते, एवढेच.

भाड्यात काय नाही?

घरी परतताना हातात पडणारे बिल काहींना धक्का देते. बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि कर हे जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यात नेहमीच धरलेले नसतात. बाटलीबंद पेये, मद्य, इंटरनेट, मसाज, खेळांची यंत्रे, छायाचित्रे आणि बंदरावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. कॅसिनोचा मोह तर सर्वांत महागडा. कार्डावर खर्च होत असल्याने पैसे जाताना दिसत नाहीत. रोज रात्री आपले बिल किती झाले ते स्वागतकक्षात पाहावे. मुलांच्या कार्डावर खरेदी बंद करून घेता येते का, हेही विचारावे.

मोबाइलचीही गंमत आहे. किनारा दूर गेला की नेहमीचे नेटवर्क जाते आणि फोन जहाजाच्या उपग्रह सेवेला जोडला जाऊ शकतो. तिचे दर जबर असतात. म्हणून जहाज सुटताच फोन 'फ्लाइट मोड'वर टाकावा. घरी मागे राहिलेल्या माणसांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ती काळजीत पडणार नाहीत.

जहाजावर डॉक्टर असतात, पण तपासणी आणि औषधांचे पैसे लागतात, आणि मोठ्या इस्पितळाच्या सोयी तिथे नसतात. हृदयविकार किंवा दम्याचे रुग्ण असतील त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच निघावे. चोवीस आठवड्यांच्या पुढच्या गर्भवती आणि सहा महिन्यांच्या आतली बाळे यांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

निघण्यापूर्वी एवढे पाहा

* देशातल्या सफरीला सरकारी ओळखपत्र चालते, श्रीलंकेसारख्या परदेशी बंदराला जायचे तर पासपोर्ट लागतो. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढून देते का, ते विचारा.

* लक्षद्वीपला मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. समुद्रातच लहान बोटीत उतरावे लागते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. लाटा मोठ्या असतील तर उतरणे रद्दही होते.

* चाकांची खुर्ची लागत असेल तर तशा खास खोल्या मोजक्याच असतात. त्या लवकर राखून ठेवा.

* इस्त्री, मेणबत्ती, उदबत्ती नेऊ नका. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी असते.

* डेकवर संध्याकाळी गार वारा असतो आणि आत वातानुकूलन. प्रत्येकासाठी शाल किंवा स्वेटर आणि न घसरणारी चप्पल हवी.

* बंदरावर उतरल्यावर परतण्याची वेळ पाळा. जहाज कोणासाठी थांबत नाही.

* जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. बंद जागेत पोटाचे विकार झपाट्याने पसरतात.

एके काळी कोकणचा माणूस डेकवरच्या सतरंजीवर रात्र काढूनही आनंदाने गावी पोहोचत असे, कारण बोटीकडून काय मिळणार हे त्याला पक्के ठाऊक होते. आजच्या क्रूझवर सुखसोयी कितीतरी पटींनी जास्त आहेत. तेव्हा बुकिंगच्या अर्जावर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा जहाजाचा नकाशा पुढ्यात घेऊन बसावे आणि 'कोणाला काय हवे' हे विचारावे. आजीला खिडकी मिळाली, आईला दोन मोकळे तास मिळाले आणि बाबांना बिलाचा अंदाज आला, की मग ती दहा बाय बाराची खोलीही लहान वाटणार नाही.